विरजणातले वैद्य : दूध न पचणाऱ्यांचा इतिहास

परळीच्या वैद्यनाथाला पंचामृताचा अभिषेक होतो, तेव्हा एकच दूध तीन रूपांनी पिंडीवर येते : दूध, दही आणि तूप. उरलेली दोन अमृते म्हणजे मध आणि साखर. देवाला या तीन रूपांत भेद नाही. माणसाच्या आतड्याला मात्र तो फार मोठा आहे. शंभर ग्रॅम गाईच्या दुधात पावणेपाच ग्रॅमच्या आसपास दुग्धशर्करा, म्हणजे लॅक्टोज असते. दह्यात ती काहीशी घटते आणि शुद्ध तुपात जवळजवळ उरतच नाही. जगातील सुमारे दोन तृतीयांश प्रौढ माणसांना ही शर्करा पुरती पचवता येत नाही. हा धागा त्या शर्करेचा, तिला फोडणाऱ्या विकराचा, म्हणजेच एन्झाइमचा, आणि ते विकर माणसाच्या वतीने तयार करणाऱ्या जिवाणूंचा आहे.

परळीपासून आरंभ करण्याला कारण आहे. येथील देवाचे नावच वैद्यांचा नाथ. बोलीत त्याचे वैजनाथ झाले. स्थानिक आख्यायिका सांगते की समुद्रमंथनातून निघालेले अमृत आणि धन्वंतरी असुरांच्या हाती लागू नयेत म्हणून विष्णूने ते या लिंगात दडवले. म्हणून हा देव वैद्यनाथही आणि अमृतेश्वरही. बारा ज्योतिर्लिंगांतले वैद्यनाथ परळीचे की झारखंडातील देवघरचे, हा वाद जुना आहे. तो येथे उकरण्याचे प्रयोजन नाही. आख्यायिकेतील क्रिया तेवढी ध्यानात ठेवावी : घुसळणे. अमृत घुसळून निघाले, असे ज्या मुलखातील माणसे सांगत आली, त्या मुलखातील बाई रोज पहाटे रवी आणि डेरा घेऊन तेच करीत होती.

मराठवाड्यात दुधाचा महापूर कधीच नव्हता. नांदेड, लातूर, परभणी आणि बीड या पट्ट्यातील देशी गोवंश म्हणजे लाल कंधारी. परळीचा परिसरही तिच्या पैदाशीच्या प्रदेशात मोडतो. तांबूस रंगाची, उन्हाला न डगमगणारी ही जात मुख्यतः बैलांसाठी जोपासली गेली. तिचे दूध बेताचे. शेजारच्या देवणी गाईचे त्याहून बरे, तरी गुजरातच्या गीर गाईशी तुलना नको. एवढेसे दूध, वर उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणारा पारा. अशा ठिकाणी दूध दूध म्हणून टिकवणे अशक्यच. संध्याकाळी विरजण लावायचे, सकाळी घुसळायचे, लोणी कढवून तूप करायचे आणि ते बाजाराच्या दिवशी विकायचे. मागे उरे ते ताक. ते घरात पुरून उरे आणि शेजारी वाटले जाई. ताक विकणे कित्येक गावांत कमीपणाचे मानले जाई. ‘ताकाला जाऊन भांडे लपवणे’ ही म्हण याच व्यवहारातून आली : ताक मागायला जाण्यात लाज नव्हती, लाजणाऱ्याचेच हसे होई.

म्हणजे या प्रदेशात सामान्य माणसाच्या पोटात जाणारे दूध बहुतांशी आंबवलेले आणि पाणी घालून पातळ केलेले होते. हे केवळ गरिबाघरचे नव्हे. कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य मराठवाड्यावर होते. त्या घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याने इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राजाच्या भोजनाचे वर्णन करताना त्याने दही, ताक आणि श्रीखंडाची पूर्वज म्हणावी अशी शिखरिणी यांना स्थान दिले आहे. त्याच्याही कितीतरी आधी चरकसंहितेने ग्रहणी आणि अर्श या विकारांच्या चिकित्सेत तक्राला, म्हणजे ताकाला, मोठा मान दिला होता. चरकाची ग्रहणी म्हणजे आजची लॅक्टोज असहिष्णुता, असे समीकरण मांडण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो टाळावा. ग्रहणी ही पचनाच्या अनेक बिघाडांना सामावून घेणारी संज्ञा आहे. इतके मात्र निश्चित, की बिघडलेल्या पोटाला दूध आणि ताक सारखे नाहीत, हे निरीक्षण येथे फार प्राचीन आहे. कारण कोणालाच ठाऊक नव्हते.

ते कारण युरोपातील प्रयोगशाळांत, तुकड्यातुकड्यांनी, जवळपास शंभर वर्षांत उलगडले. १८५७ साली लुई पाश्चरने दूध आंबण्यामागे सजीव सूक्ष्मजीव असतात असे मांडले. १८८९ साली मार्टिनस बायरिंक या डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने दुग्धशर्करा फोडणाऱ्या विकराचे वर्णन केले आणि त्याला ‘लॅक्टेज’ हे नाव दिले. बायरिंक त्या काळी डेल्फ्टच्या यीस्ट कारखान्यात नोकरीला होता, आणि त्याने हे विकर पाहिले तेही केफिर या आंबवलेल्या दुधातील यीस्टमध्ये. माणसाच्या आतड्यात तेच काम करणारे विकर असते याची चर्चा नंतरची. विकराचा शोध मुळात आंबवलेल्या दुधाच्या पोटातच लागला, ही गोष्ट विरजण लावणाऱ्यांना आवडण्याजोगी आहे.

पुढे १९०५ मध्ये स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने जिनिव्हात आपल्या देशातील दह्यातला दांड्यासारखा जिवाणू शोधला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील एली मेचनिकॉफला त्याचे इतके आकर्षण वाटले की या जिवाणूमुळे आयुष्य वाढते, असा प्रचार त्याने हयातभर केला. प्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी १९०८ चे नोबेल मिळवलेला माणूस दह्याची महती सांगतो म्हटल्यावर युरोपभर दह्याची लाट आली. मेचनिकॉफची कल्पना अशी की हा जिवाणू आतड्यात ठाण मांडतो. तसे तो करीत नाही. चार दिवस मुक्काम करून पुढे जातो. दह्याचा खरा उपयोग मेचनिकॉफला दिसलाच नाही, आणि त्यासाठी आणखी पंचाहत्तर वर्षे जावी लागली.

मध्यंतरी या विकराला जीवशास्त्रात असे स्थान मिळाले की त्याची तुलना नाही. जर्मनव्याप्त पॅरिसमध्ये भूमिगत प्रतिकार चळवळीत वावरणारा झाक मोनो हा संशोधक जिवाणू कोणती शर्करा आधी खातात याचा अभ्यास करीत होता. आतड्यातील ई. कोलाय या जिवाणूला ग्लुकोज आणि लॅक्टोज एकत्र दिले, तर तो प्रथम ग्लुकोज संपवतो, मग क्षणभर थांबतो आणि नंतर लॅक्टोजकडे वळतो. त्या थांबण्यात तो लॅक्टोज फोडणारे विकर तयार करीत असतो. हे विकर म्हणजे बीटा-गॅलॅक्टोसिडेज. १९६१ मध्ये मोनो आणि फ्रान्स्वा झाकोब यांनी दाखवले की जिवाणूत या विकराच्या जनुकाला एक कळ असते : लॅक्टोज आले की चालू, संपले की बंद. जनुके नियंत्रित कशी होतात याचा हा पहिला स्पष्ट नकाशा. १९६५ चे नोबेल या दोघांना आंद्रे ल्वॉफ यांच्यासह मिळाले.

माणसाची गोष्ट अगदी उलटी आहे. तान्ह्या बाळाच्या लहान आतड्याच्या अस्तरावर लॅक्टेज भरपूर असते. आईच्या दुधात गाईच्या दुधाहूनही अधिक, शंभर ग्रॅममागे सात ग्रॅमच्या जवळपास लॅक्टोज असते, ते त्याला पचवायचेच असते. दूध तुटण्याच्या वयानंतर बहुतेकांत हे विकर हळूहळू ओसरते, आणि दूध पीत राहिल्याने ते परत येत नाही. ‘रोज थोडे थोडे दूध पाजा, सवय होईल’ हा घरगुती आग्रह येथे हरतो. सवय होते ती मोठ्या आतड्यातील जिवाणूंना. त्याने त्रास थोडा हलका होतो, पण लॅक्टेजची कळ बंदच राहते. न फुटलेले लॅक्टोज मोठ्या आतड्यात पोचले की तेथील जिवाणू त्यावर तुटून पडतात. वायू धरतो, पोट फुगते, कळा येतात, जुलाब होतात. त्या वायूतील हायड्रोजन रक्तात मिसळून श्वासावाटे बाहेर पडतो, आणि तो मोजता येतो.

वैद्यकाने हे ओळखले ते आश्चर्य वाटावे इतके उशिरा. १९५९ मध्ये मँचेस्टरच्या होल्झेल, श्वार्ट्झ आणि सटक्लिफ यांनी दूध न पचल्याने खंगत जाणाऱ्या तान्ह्या मुलांचे वर्णन ‘लॅन्सेट’मध्ये केले. ही जन्मजात अवस्था अतिशय दुर्मीळ. पण १९६५-६६ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या डॉक्टरांनी सुदृढ प्रौढांच्या आतड्यांतील लॅक्टेज तपासले, आणि कृष्णवर्णीय अमेरिकनांत ते बहुतेकांत कमी, गोऱ्यांत बहुतेकांत शाबूत आढळले. मग जगभर तपासण्या सुरू झाल्या. मुंबईत एच. जी. देसाई, एफ. पी. अंतिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीयांतील लॅक्टेजच्या कमतरतेवर आणि तिच्यातील आनुवंशिकतेच्या वाट्यावर १९७० साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल सायन्सेस’मध्ये लेख लिहिला. १९८१ मध्ये आर. के. टंडन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला : दिल्लीत तपासलेल्यांपैकी २७.४ टक्क्यांना, तर त्रिवेंद्रम व पाँडिचेरी येथील ६६.६ टक्क्यांना लॅक्टोज असहिष्णुता. महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये येतो, आणि मराठवाडा त्यातही दक्षिणेकडे झुकलेला.

शब्दांचे राजकारण येथेच पाहावे. पाश्चात्त्य वैद्यकाने या अवस्थेला ‘डेफिशियन्सी’, म्हणजे उणीव म्हटले. उत्तर युरोपातील माणसाचे आतडे हे माप धरले, आणि त्या मापात न बसणारी बहुसंख्य मानवजात उणी ठरली. पुढे जनुके वाचता आल्यावर चित्र उलटले. २००२ मध्ये फिनलंडच्या संशोधकांना लॅक्टेजच्या जनुकाजवळ, त्याच्या सुमारे १३,९१० अक्षरे आधी, एका अक्षराचा बदल सापडला. तो ज्यांच्यात आहे त्यांचे लॅक्टेज मोठेपणीही टिकते. भारतीयांवरील व्यापक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. येथेही प्रामुख्याने तोच बदल आहे, त्याचा उगम युरोपातील बदलाशी सामायिक आहे, आणि वायव्येकडून दक्षिण-पूर्वेकडे जावे तसा तो विरळ होतो. तेव्हा मोठेपणी दूध न पचणे हाच सस्तन प्राण्यांचा मूळ धर्म आहे आणि पचणे हा पशुपालनाच्या काळात फोफावलेला अपवाद. ‘लॅक्टेज टिकणे’ हा नवा शब्दप्रयोग रूढ झाला.

शब्द बदलला तरी धोरणे आपल्या गतीने चालली होती. १९७० मध्ये ऑपरेशन फ्लड सुरू झाले. युरोपातून दान म्हणून आलेली दुधाची भुकटी मुंबईसह चार महानगरांत दूध करून विकली गेली आणि त्या पैशावर देशाची दूधव्यवस्था उभी राहिली. हे कार्य थोर होते. त्याने लक्षावधी शेतकऱ्यांच्या घरी रोकड आणली. परंतु ‘दूध प्या’ या घोषणेत कोणाचे आतडे गृहीत धरले आहे, हा प्रश्न कोणी फारसा विचारला नाही. ज्यांना त्रास होई ते आपल्यालाच दोष देत राहिले. अनेकांना तो कळलाही नाही, कारण चहातल्या दुधाने काही होत नाही आणि बहुतेक प्रौढ एका वेळी बारा ग्रॅमपर्यंत, म्हणजे एक पेलाभर दुधातले लॅक्टोज, विशेष त्रासाविना सोसतात. (दुधातील प्रथिनांची ॲलर्जी ही निराळी गोष्ट. ती थेंबानेही उसळू शकते, आणि तिला ताक हा उतारा नाही.)

आता दह्याकडे. १९८४ च्या जानेवारीत ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये कोलार्स, लेव्हिट, औजी आणि सवायानो यांचा तीन पानांचा लेख आला. लॅक्टेज कमी असलेल्या दहा जणांना १८ ग्रॅम लॅक्टोज दिले गेले : कधी दुधातून, कधी पाण्यातून, कधी दह्यातून. शर्करा तेवढीच. दह्यानंतर श्वासातील हायड्रोजन मात्र दुधाच्या केवळ एक तृतीयांश भरला. दही लागताना जिवाणू थोडी शर्करा खाऊन तिचे आम्ल करतात, पण पुष्कळशी शर्करा दह्यात तशीच राहते. ती फुटत होती ती आतड्यात पोचल्यावर, आणि फोडणारे विकर होते जिवाणूंचे. लेखाच्या शीर्षकात दह्याला स्वतःच पचणारे असे विशेषण होते.

ही यंत्रणा विलक्षण सुंदर आहे. विकर हे प्रथिन. उघडे गिळले तर जठरातील आम्ल त्याचे वाटोळे करील. दह्यातील जिवाणू त्याला आपल्या पेशीच्या भिंतीआड घेऊन जठर ओलांडतो. दही स्वतः घट्ट असल्याने आम्लाची धारही काहीशी बोथट करते. लहान आतड्यात पित्ताशी गाठ पडली की जिवाणूचे आवरण झिरपू लागते आणि आतले बीटा-गॅलॅक्टोसिडेज लॅक्टोजला भिडते. जिवाणू आपल्या मरणाने यजमानाचे जेवण पचवतो. २०१० मध्ये युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हा दावा मान्य केला, अट एवढीच की दह्याच्या एका ग्रॅममध्ये किमान दहा कोटी जिवंत जिवाणू असावेत.

त्या अटीतील ‘जिवंत’ हा शब्द स्वयंपाकघरातही तितकाच लागू आहे. ताक उकळून कढी केली की जिवाणूही मरतो आणि विकरही निकामी होते. कढी चवीसाठी प्यावी. दही टांगून चक्का केला की निवळीबरोबर बरीच शर्करा वाहून जाते. उलट दूध आटवून केलेल्या खव्यात ती दाट होऊन बसते, म्हणून देवळाबाहेरचा पेढा या बाबतीत ताकाच्या थेट विरुद्ध टोकाला आहे. आणि प्रत्येक विरजण सारखे नसते. युरोपात अभ्यासलेल्या दह्यात ठरावीक दोन जिवाणू असतात : स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि ग्रिगोरोव्हचा तो बल्गेरियन दांडा. दोघांनाही चाळीस-पंचेचाळीस अंशांची ऊब मानवते. आपल्या घरच्या विरजणात पुष्कळदा लॅक्टोकॉकस असतो, त्याला गारवा आवडतो, आणि तो लॅक्टोज फोडतो तो निराळ्या वाटेने, आपल्या पेशीत ओढून घेतानाच त्याला फॉस्फेट चिकटवून. त्याचे विकर आतड्यातील मोकळ्या लॅक्टोजला फारसे उपयोगी पडत नाही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, चुलीजवळ ठेवलेल्या गाडग्यात, उष्णता मानवणाऱ्या जिवाणूंची सरशी होणे स्वाभाविक होते.

कारखान्यात हे विकर बनवण्याची कथा विरजणाच्या कथेहून कितीतरी तोकडी आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या कृषी विभागातील व्हर्जिनिया होल्सिंजर यांचे संशोधन आणि ॲलन क्लिगरमन यांचा व्यापार यांतून दुधात घालायचे लॅक्टेज बाजारात आले, ‘लॅक्टेड’ या नावाने. ते यीस्टपासून काढलेले होते. गोळीतले लॅक्टेज बहुधा ॲस्परजिलस या बुरशीचे असते, कारण ते आम्लात टिकते. जगातील सर्वांत अभ्यासलेले विकर ज्याचे, त्या ई. कोलायला मात्र अन्नाच्या कारखान्यात कोणी घेतले नाही. आतड्यातील या जिवाणूच्या विषारी अंशांची धास्ती होती. जिवाणू या धंद्यात परतले ते अलीकडे. तान्ह्या मुलांच्या आतड्यात राहणाऱ्या बायफिडोबॅक्टेरियम बिफिडमचे जनुक बॅसिलस लिकेनिफॉर्मिस या दुसऱ्या जिवाणूत घातले जाते. हा दुसरा जिवाणू विकर पेशीबाहेर सोडतो. पेशी फोडाव्या लागत नाहीत, गाळून घेतले की झाले. लॅक्टोजमुक्त दुधाच्या पिशवीमागे आज असे विकरही असू शकते.

या साऱ्या उद्योगाला शुद्ध, ओळख पटलेले सूक्ष्मजीव लागतात. ते सांभाळण्याचे काम पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संग्रह १९५१ पासून करीत आहे. उद्योगोपयोगी जिवाणू, यीस्ट आणि बुरशी तेथे गोठवून वा सुकवून ठेवल्या जातात आणि मागणीनुसार संशोधकांना व कारखान्यांना दिल्या जातात. शेजारणीकडून वाटीभर विरजण मागून आणण्याचीच ही शास्त्रशुद्ध आवृत्ती म्हणावी.

ती वाटी मात्र गावांतून कमी होत गेली. संकलन केंद्रे आली, दूध सकाळीच घराबाहेर पडू लागले, आणि तुपाऐवजी दुधालाच भाव आला. डेरा माळ्यावर गेला. घुसळण थांबली तशी मागे उरणारी, न विकली जाणारी ती वस्तूही थांबली. दुधाचे पैसे हातात आले हे खरे; पण ज्याच्या घरी जनावर नव्हते त्याला फुकट मिळणारे ताकही त्याच व्यवहारात गेले, आणि त्याची नोंद कोणत्याही हिशोबात झाली नाही. आज बसस्थानकाजवळच्या दुकानात ताक पुन्हा मिळते, खोक्यात बंद, महिनोन्‌महिने टिकणारे. ते इतके टिकते कारण त्याला सव्वाशे अंशांच्या पलीकडे तापवलेले असते. चव ताकाची असते, जिवाणू एकही जिवंत नसतो.